विहिरीवरची शिळा

मु. वडवाडी, ता. सिन्नर
चैत्र शु. ५, शके १८५६

चि. भिकास ताईचे उदंड आशीर्वाद.

इकडील क्षेम म्हणावे तर खोटे होईल. तुझ्या दाजींचे वर्षश्राद्ध होईपर्यंत सावळीराम भावजींनी दम धरला. ते उरकताच बैल लावून आमच्या वाटणीच्या विहिरीच्या पायऱ्यांवर ही मोठी शिळा आणून टाकली. वर चावडीत सांगितले, की बाप्याचा हात किंवा बैलाची मान न लावता कमळाने शिळा हलवली तर विहीर तिची. आखाजीपर्यंत हलली नाही तर माझी, असं त्यांचं म्हणणं. पंचांनी माना डोलावल्या. मीही बरं म्हटलं.

वांगी माना टाकायला लागलीत. तू ये म्हणत नाही, तुझा हात चालायचा नाही. रुळावरून उतरलेला डबा तुम्ही कसा उचलता, ते दाजी होते तेव्हा दिवाळीत सांगत होतास. मी करंज्या तळत होते, नीट ऐकलं नाही. ते कळव. माफी मागून मोकळी हो, असलं काही लिहिलंस तर कागद चुलीत घालीन.

तुझी ताई, कमळा

नाशिक रोड
चैत्र शु. १०

ती. ताईस भिकाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे निघून ये, असंच लिहिणार होतो, चुलीला भ्यालो.

आम्ही लांब पहारेखाली टेकू देतो. तू दाजींच्या मोटेचा सागवानी वासा घे. टोक शिळेखाली घाल, टेकू शिळेला चिकटून ठेव, आणि तुझ्या बाजूला वासा लांबच लांब राहू दे. जोर कमी लागेल, पण फुकट काही मिळत नाही: तुझं टोक हातभर खाली येईल तेव्हा शिळा बोटभर उठेल. उठली की खाली चिपा सारायच्या, पुन्हा दाबायचं. जागा झाली की गोल ओंडके घालून ढकल. वाशाखाली पाय घालू नकोस, तेवढं ऐक. मला तर शिळेचीच कीव येते.

माया आहे तशी राहू दे.
भिका

वडवाडी
वैशाख शु. ३, आखाजी

चि. भिकास आशीर्वाद.

आधी फजिती झाली. जात्याला बिलगून दळणारी मी, टेकूही आपल्या हाताजवळच ओढून घेतला. शिळा ढिम्म. सगळे हसले, भावजी म्हणाले भाकऱ्या थाप जा. इतका राग आला, की रागातच तुझं “चिकटून” आठवलं. टेकू पलीकडे सारला आणि वाशाला लोंबकळले. शिळा करकरली, पण उठेना. अंगात वजन आहे कुठं माझ्या?

तेवढ्यात गर्दीतून वत्सलाबाई आल्या, भावजींचीच बायको. पदर खोचला आणि माझ्याशेजारी वाशावर पडल्या. भावजी ओरडले, घरी चल. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “बाप्याचा हात नको म्हणालात. मी बाई आहे.”

शिळा उठली रे. बाकीच्या बायकांनी चिपा सारल्या, ओंडके घातले, आणि दुपारपर्यंत पायऱ्या मोकळ्या झाल्या. मी पाण्यात पाय सोडून ढसाढसा रडले, मग वांग्यांना पाणी दिलं.

शिळा विहिरीकाठी ठेवली आहे, धुण्याला झकास. संध्याकाळी भावजी म्हणाले, शिळा माझी, परत दे. मी म्हटलं खुशाल न्या, फक्त बैल लावायचे नाहीत. वासा देईन, टेकू कुठं ठेवायचा ते वत्सलाबाईंना विचारा.

वांगी धरली की पाठवते. जीव लावून आहेस तसाच रहा.
ताई