आणखी पाव फेरा

प्रिय ठकू,

सोमवारी अर्ज देऊ नकोस. आधी एवढं एक वाक्य वाच, मग चहा टाक, मग पुढचं वाच. आई काल फोनवर म्हणाली की सोमवारी तू दोन महिन्यांनी कामावर रुजू होते आहेस, आणि पहिल्याच दिवशी ऑपरेशन थिएटरमधून रेकॉर्ड रूममध्ये बदली मागणार आहेस. अर्ज म्हणे लिहून पर्समध्ये ठेवलाय, फक्त मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवायचा बाकी आहे. अगं, सोळा वर्षं तू सर्जनने हात पुढे करायच्या आधी कात्री त्याच्या तळव्यावर ठेवत आलीस, आणि आता फायलींवरची धूळ झटकणार? आई खूश आहे, तिच्या मते तुझी दगदग संपली. मी खूश नाही. का नाही ते सांगायला मला बरीच पानं लागणार आहेत, कारण सरळ मुद्द्यावर यायला मला गेल्या दीड महिन्यात एकदाही जमलेलं नाही.

अक्षर वाकडं आलंय म्हणून माझा हात थरथरतोय असं समजू नकोस. खालच्या मजल्यावर मोठा पंप चालू असला की इथलं टेबलच थरथरतं. रिगवरच्या जेवणघराच्या कोपऱ्यात बसलोय. वाऱ्यामुळे तीन दिवस हेलिकॉप्टर आलं नाही, त्यामुळे ज्यांची सुट्टी सुरू व्हायची ते बॅगा भरून लांब चेहऱ्यांनी बसलेत. माझे अजून नऊ दिवस बाकी आहेत. बारा तास काम, बारा तास झोपायचा प्रयत्न, आणि चहूकडे पाणी. पूर्वी अठ्ठावीस दिवस कसे गेले ते कळायचं नाही. आता सहाव्या दिवसापासूनच गुडघे बोलायला लागतात आणि जिने मोजत चढावे लागतात. थकलोय गं. कामाने थकलोय ते वेगळं, त्याचं काही नाही. हे दुसरंच आहे.

उद्या वारा पडणार म्हणतात. पडला की पहिल्या फेरीत आमचा आचारी सुटतोय, तो तुझ्याकडच्याच रस्त्याने घरी जातो. हे पत्र आणि एक लांबट पुडकं तो रविवारी तुझ्या हातात देईल. फोनवर का नाही सांगितलं, असं तू विचारशीलच. दोनदा केला होता. इथे फोनला रांग असते, मागचा माणूस घड्याळ बघत खोकतो. पहिल्यांदा मी हवापाण्याचं बोललो. दुसऱ्यांदा तोंड उघडलंच होतं, तर तूच म्हणालीस की दादा, तुझा आवाज फार दमलेला येतोय, जा झोप बघू. आणि मी जाऊन झोपलो. म्हणजे आडवा झालो.

इथल्या जिममध्ये एक जागची सायकल आहे, तुला ठाऊकच आहे. भिंतीकडे तोंड करून रोज तासभर मारतो. समोर आग लागल्यास काय करावे याचा तक्ता आहे, तो मला तोंडपाठ झालाय. तुला या नादाला मीच लावलं. तू ड्युटीवरून आलीस की पाय सुजलेत म्हणून बसून राहायचीस, तेव्हा माझी जुनी सायकल तुझ्यापुढे उभी केली आणि सीट खाली करून दिली. तू पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेलीस आणि चालत परत आलीस, वर मलाच चार शब्द सुनावलेस. दोन वर्षांत तू माझ्या पुढे निघून गेलीस आणि मी मागून ओरडायला लागलो, गिअर बदल, खांदे सैल सोड, तहान लागायच्या आधी पाणी पी. आपल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर मी पानाकाका. कुणाची साखळी करकरली, कुणाचा ब्रेक चावला की विचारा पानाकाकाला. साखळीला तेल घातलं की फडक्याने पुसून घ्या, नाहीतर धूळ बसते. टायरमध्ये हवा अंगठ्याने नाही, गेजने बघा. समुद्राच्या मधोमध बसून लोकांना शहाणपण शिकवायचं, आणि लोक दुसऱ्या दिवशी आभार मानायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आता त्या संध्याकाळचं. मी तेव्हा इथेच होतो, त्यामुळे जे ऐकलं तेच सांगतो. तू रात्रपाळी करून आलीस, सकाळी चार-पाच तास झोपलीस आणि संध्याकाळी सायकल घेऊन ग्रुपमधल्या मास्तरांबरोबर निघालीस. पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर मास्तर तुझ्या मागे होते. रस्ता कोरडा, समोर कोणी नाही, खड्डा नाही. तू अचानक मान टाकल्यासारखी उजवीकडे झुकलीस आणि दुसऱ्या क्षणी कोलांटून डाव्या अंगावर रस्त्यावर होतीस. डावं मनगट, खांद्याचं हाड, आणि हेल्मेटचे दोन तुकडे. तुला त्यातलं काही आठवत नाही. मास्तर बिचारे अजून सांगतात की तुला गाडीत घालताना तुझ्या उजव्या हातात हँडलचा अर्धा तुकडा होता, ब्रेक आणि गिअरच्या तारांनी सायकलला अजून जोडलेला. तू तो सोडेचना. शेवटी गाडीवाल्याकडची पकड घेऊन त्यांनी तारा कापल्या, तेव्हा तुला उचलता आलं. ग्रुपवर यावर थट्टाही झाली, की सिस्टरबाई हत्यार खाली ठेवत नाहीत. त्या थट्टेत सगळ्यांनी एकच निदान करून टाकलं, झोप अपुरी होती, डोळा लागला. डॉक्टरांनी डोक्याच्या सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही, तरी आईने तेच धरलं. आणि तूही. तू मला म्हणालीस, दादा, हाडं जुळतील रे, पण रस्त्यावर जर एक क्षण मी तिथे नव्हतेच, तर उद्या पोट उघडलेल्या माणसाशेजारीही नसेन. त्यावर मी काय बोललो आठवतं का? मी म्हणालो, विश्रांती घे. मुखदुर्बळ मेला.

काल इथे एक प्रकार झाला. आमच्याकडे दोन पाइप जिथे जोडतात त्या प्रत्येक जोडाला एक पिवळं कार्ड तारेने बांधायचं असतं. जोड कुठला, किती जोराने आवळला, कोणी, तारीख, सही. कार्ड नाही तर जोड आवळलाच नाही असं धरून काम थांबवायचं, मग तो कितीही पक्का असो. अंदाज चालत नाही. ठरलेला जोर भरला की टक् करून सांगणारा टॉर्कचा पाना असतो, त्यानेच आवळायचं. तर काल माझ्या जोडीदाराच्या एका जोडावर कार्डच नव्हतं. बावीस वर्षं माझ्याबरोबर काम करणारा, माझ्याच वयाचा. मी सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढली, जीव जातात म्हणालो, लाज वाटत नाही का म्हणालो. त्याने हातमोजे काढले आणि शांतपणे सांगितलं, माझी चूक आहे, घाईत राहिलं. बस. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही त्याला. मी कपाटांच्या खोलीत गेलो, माझं कपाट उघडलं आणि तिथेच खाली बसलो. कपाटात तुझं तुटलेलं हँडल आहे, ठकू. दीड महिना ते माझ्याकडेच आहे, आधी बॅगेत, आता इथे.

ते कार्बनचं हँडल मीच तुला आणून दिलं होतं. लांबच्या राइडला तुझ्या बोटांना मुंग्या यायच्या, कार्बनने हादरे कमी बसतात म्हणून. मग मी इकडे यायला निघालो त्या सकाळी तू दारातच म्हणालीस, दादा, हँडल करकरतंय, जरा बघतोस का. टॅक्सी खाली उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न मारत होता. माझा टॉर्कचा पाना बॅगेच्या तळाशी, बॅगेला कुलूप, तुझी वहिनी माझी पाण्याची बाटली घेऊन उभी. म्हटलं, पाना कशाला, तीस वर्षं हेच करतोय, माझ्या हाताला कळतं. खिशातली षट्कोनी ॲलन की काढली आणि मधले चार स्क्रू आवळले. करकर थांबली. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी महिनाभर असणार नाही, तू एकटी उतारांवर जाणार, म्हणून प्रत्येक स्क्रूला आणखी पाव फेरा दिला. मायेने दिला गं. लोखंडाच्या जोडाला ती माया चालते. कार्बनला चालत नाही, त्याला चिमटीएवढा जोर पुरतो, जास्त झाला की आतून चिरडतं आणि वरून काही दिसत नाही. हे मला माहीत होतं. ग्रुपवर मीच कधीतरी लिहिलं होतं.

तू पडल्यावर एकोणीस दिवसांनी मी घरी आलो. तू गळ्यात झोळी अडकवून पलंगावर होतीस, आणि जिन्याखाली सायकल, शेजारी तो तुटका तुकडा. मी ती उचलून दुरुस्त करायला बसलो, तेवढंच तुझ्यासाठी काहीतरी. हँडल मधल्या चार स्क्रूंच्या पकडीच्या अगदी कडेला तुटलेलं. भिंग लावायचीसुद्धा गरज नव्हती. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग ताजा होता आणि अर्धा काळा, मळलेला. म्हणजे चीर आधीपासून होती, तू उतारावर भार टाकलास तेव्हा उरलेला भाग फक्त निखळला. तेवढ्यात मागून आईने विचारलं, काय झालं रे, आणि मी म्हणालो, पडताना तुटलंय. एवढं पुरलं. पानाकाकाने सांगितलं म्हटल्यावर कोण कशाला बघतंय? नवं साधं हँडल बसवलं, या खेपेला टॉर्कचा पाना लावून, आणि तुटलेलं माझ्या बॅगेत घातलं. तू आतून हाक मारून म्हणालीस, दादा, तू आहेस म्हणून बरं. तेव्हा बोललो असतो तर आज हे लिहावं लागलं नसतं. आठवडाभराने मी ग्रुपवर एक सल्ला टाकला, कार्बनचं हँडल कधीही हाताच्या अंदाजाने आवळू नका, जीवावर बेतू शकतं. वाटलं, यातून कुणीतरी ओळखेल. एक्केचाळीस जणांनी अंगठे दिले. पहिला अंगठा तुझा होता.

मला भीती कशाची होती? तू रागावशील याची नाही. तू मला चार शब्द सुनावून चार दिवस बोलली नसतीस, तेवढं मी सोसलं असतं. भीती ही की यापुढे तू एखादा स्क्रू माझ्या हातात देताना क्षणभर थांबशील. तेवढ्यासाठी मी तुला रेकॉर्ड रूमपर्यंत जाऊ दिलं. लिहिताना स्वतःचीच किळस येतेय. रागाव, हवं तर भाऊबीज नको मला, पण आधी पुढचं वाच.

माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा टेबलाशेजारी तू होतीस. मी भेदरलो होतो आणि तुझं बोट मुठीत धरलं होतं. नंतर तू सगळ्यांना हसून सांगितलंस की भूल चढली कधी ते मशीनआधी दादाच्या मुठीवरून कळलं, माणसाची शुद्ध गेली की मूठ आपोआप उघडते, कितीही घट्ट धरलेली असू दे. पुडक्यात हँडलचे दोन्ही तुकडे आहेत, तुटलेल्या जागेचा काळा भाग उजेडात धरून बघ. त्याला एक पिवळं कार्ड बांधलंय, आमच्या इथलंच. जोड: ठकूचं हँडल. किती जोराने आवळला: मोजलं नाही. कोणी: मी. खाली तारीख आणि माझी सही आहे. ते आईला दाखव, मास्तरांना दाखव, ग्रुपवर फोटो टाक, आणि कुणी विचारलंच तर मेट्रनबाईंपुढेही ठेव. अर्ज मात्र फाडून टाक. उतारावर तुझा डोळा लागला नव्हता, ठकू. हँडल तुटलं, तू पडलीस, डोकं आपटलं, रस्त्यावरून उचलेपर्यंत सगळं झालं, आणि तुझी मूठ उघडेना म्हणून मास्तरांना तारा कापाव्या लागल्या.

तुझाच, उशिरा सही करणारा,
दादा