ओढ्याकाठचं बन

इंदापूर, मे १९९६

म्हाळसाक्का,

आई तापानं गेली असं मी तुला कळवलं हुतं. ते खरं न्हाय. तिला ऊन लागलं.

उसासाठी मी ओढ्याकाठचं बन तोडलं, तवा तू रडून सांगितलंस, "आबाजी, आई शेरडं घेऊन तितंच बसती." मी ऐकलं न्हाय. यंदा ती सवयीनं तितंच गेली. दुपारी मी गेलो, तर उघड्या बांधावर पडलेली. "ढग आला की उठते," एवढंच बोलली. ढग आला न्हाय.

माझी प्रतीक्षा बारामतीला कॉलेजात हाय. ती म्हणाली, "आबा, झाडं हवेत ओल सोडत्यात, त्याचं ढग हुत्यात, आन ढग ऊन वरच्या वर परतवत्यात. एक बन तोडलं म्हणून ढग जात न्हाईत. तालुक्यातली सगळीच झाडं गेली." पोरीनं माझी समजूत घातली. पण आक्का, आईची सावली त्या एका बनाचीच हुती.

तेराव्याला तू माझा हात धरून म्हणालीस, "तू तिची लई सेवा केलीस." मी व्हय म्हणालो. म्हणून हे पत्र पेटीत टाकवत न्हाय.

तुझा धाकटा,
आबाजी