ताडपत्री बदलायची नाही!

१२ एप्रिल, रविवार

बाबांनी आज जाहीर केलं — दुकानावरची ताडपत्री बदलायची. पावसाच्या आत. झालं! वाट लागली माझी.

कारण काय, तर कोकम सरबताची बाटली. ताडपत्री एका जागी फाटलीय, हाताच्या पंजाएवढी. तिथून दुपारचं ऊन बरोबर बाटल्यांच्या फळीवर येतं. आज एक बाटली फुगली आणि बूच उडालं. समोर पांढऱ्या ड्रेसमधल्या बाई उभ्या होत्या. नखशिखांत लालभडक! बाई किंचाळल्या, गल्लीतली माणसं धावत आली, एकजण तर ॲम्ब्युलन्सला फोन लावायला लागला. आणि बाबा हात जोडून सगळ्यांना सांगतायत — "रगात नाय हो, कोकम हा, कोकम!"

त्या भोकाचा खरा उपयोग बाबांना कुठे माहीत आहे? गल्ल्यावर बसलं की त्यातून समोरच्या इग्नेशियस अंकलच्या घराची वरची गॅलरी दिसते. गॅलरीत व्हॅलेन्सिया. अंकलची मुलगी. ताडपत्री पुढे इतकी खाली उतरलीय की बाकी कुठूनच दिसत नाही. बाहेर गल्लीत उभं राहून वर बघायला मी काय मवाली आहे?

१३ एप्रिल, सोमवार

सकाळी ती मिरचीच्या झाडाशी भांडत होती. खरंच! कुंडीसमोर बोट नाचवून — "पाणी पितोस, खत खातोस, आणि मिरची धरायला काय होतं रे?" आमच्या गावठाणातली गल्ली एवढी अरुंद की सगळं ऐकू येतं. कुणी झाडावर इतकं मनापासून चिडतं? मी तर माणसांवर पण एवढं मनापासून नाही चिडत. म्हणजे चिडतो. पण लगेच.

आमचं बोलणं झालंय ते एकदाच. ती कोकमाचं आगळ घ्यायला आली होती. मी घाबरून म्हणालो, "बोला काकी." काकी!! तेव्हापासून त्यांच्या घरात आगळ मालाडहून येतं.

बाबांना म्हटलं, कापड मी निवडतो.

"तू? कॉलेज अर्ध्यार टाकलंस, तू कापड पुरा आणतलंस?"

आई आतून म्हणाली, "आणू दे ओ. कायतरी करता म्हणता ना झील."

काम मिळालं. आता असं कापड शोधायचं की ज्यातून आरपार दिसेल.

१५ एप्रिल, बुधवार

सापडलं! हिरवी जाळी. नर्सरीवाले रोपांवर लावतात ती. झकास दिसतं त्यातून, मी डोळ्याला लावून बघितलं.

बाबांना सांगितलं, हवा खेळती राहते.

"आणि पाऊस?"

"तो पण... खेळता राहील."

बाबांनी काजूगराचं पाकीट फेकून मारलं. लागलं. मग मीपण काही कमी नाही — "या घरात नवीन विचाराला जागाच नाही!" असं ओरडून कायमचा बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत गेलो. चपला घालायच्या राहिल्या होत्या आणि रस्ता तव्यासारखा तापलेला. परत आलो. बाबांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि कोकमाची सोलं वजन करत बसले.

१६ एप्रिल, गुरुवार

कुर्ल्याला जाऊन आलो. जाळी नाही तर निदान नवीन भोक तरी. कापडवाल्या शेठला सरळच विचारलं, सगळ्यात लवकर फाटणारं कुठलं?

शेठने चष्मा काढून मला बघितलं. "भाई, लोग उल्टा पूछते हैं."

त्याने तुकडे मांडले. कॅनव्हास — दिसायला देखणं, पण ओल लागली की बुरशी धरतं. निळं प्लास्टिक — ऊन खाऊन पापडासारखं मोडतं. ॲक्रिलिक — रंग उडत नाही, हवा जाते, पण मोठ्या पावसात झिरपतं. आणि पीव्हीसीचा थर दिलेलं पॉलिएस्टर, ट्रकवर घालतात ते. शेठ म्हणाला, फाडून दाखव, फुकट घेऊन जा.

मला असं कुणी म्हणायचं नाही! हाताने ओढलं. दाताने ओढलं. किल्लीने भोसकलं. मग एक टोक शटरच्या कडीला बांधून दुसऱ्या टोकाला मी स्वतः लोंबकळलो. शटर खाली आलं. मी, शेठ आणि दोन गिऱ्हाइकं आत अडकलो. कापडाला ओरखडासुद्धा नाही.

च्यायला, काय कापड आहे!

१८ एप्रिल, शनिवार

शेठकडून आणलेले चारही तुकडे घराच्या पत्र्यावर बांधलेत. प्रत्येकाखाली कोकमची एक बाटली. उकळता चहा ओतून बघितला. मासे धुतलेलं पाणी टाकलं. वर शेव टाकून कावळे बोलावले. कॅनव्हासवर चहाचा डाग कायमचा. प्लास्टिक कावळ्यांनीच संपवलं. ॲक्रिलिक बरं टिकलं, पण मासे धुतलेलं पाणी खाली झिरपलं, ती बाटली आता कुणाला विकता येणार नाही. पीव्हीसी? फडक्याने पुसलं, कोरं करकरीत! फक्त खाली गरम होतं. मग लक्षात आलं, वरून पांढरं घ्यायचं आणि फ्रेम थोडी उंच करायची. हे मला कुणी सांगितलं नाही. माझं मलाच सुचलं.

इतका रमलो की सकाळी व्हॅलेन्सियाला बघायचं राहून गेलं. आणि ते दुपारी आठवलं! मी काय माणूस आहे!

नाही. काही झालं तरी जाळीच.

१९ एप्रिल, रविवार

पुन्हा वाजलं. मी जाळी, बाबा पीव्हीसी. बाबांना पीव्हीसी पटवलं कुणी? मीच! पत्र्यावरचे प्रयोग आईला रंगवून सांगत होतो, ते बाबांनी ऐकलं. शेवटी बाबा म्हणाले, "देवाक इचारू."

गावाला धोंडूकाका देवळात फोन घेऊन उभे. व्हिडिओ कॉल. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर पीव्हीसी, डावी पडली तर जाळी. आणि गाऱ्हाणं सुरू —

"बा देवा म्हाराजा! तुझा लेकरू मुंबैक अंधेरीत दुकान चलयता. तेच्या दुकानार कापड खंयचा घालूचा, हेचो न्याय कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दुकानात बाबा हात जोडून. मसाला घ्यायला आलेल्या एक बाईसुद्धा "व्हय महाराजा" म्हणाल्या.

पडली! मी ओरडलो — डावी! बाबा ओरडले — उजवी!

"ती देवाची उजवी रे मेल्या!"

"बघतोय कोण? आपण! मग आपली डावी!"

"तू समोर उभो रवलंस म्हणान देवाचे हात बदालतले?"

मसालेवाल्या बाई माझ्या बाजूने होत्या. धोंडूकाका म्हणाले, पुन्हा लावूया. गुरव वैतागला — "देवाक दुसरी कामा नाय?" तरी लावल्या. आता पाकळ्या हलेचनात. फोन तापला. आम्ही श्वास रोखून. गुरव म्हणाला, "देव इचारात पडलो." मग हळूच विचारलं, "ता पीव्हीसी जाड किती हा? नाय म्हणजे, देवळाच्या मंडपाक पण घालूचा हा."

मी सांगितलं. जाडी, वजन, शिवण दुहेरी का घालायची, कावळ्यांचं काय झालं — सगळं. थांबताच येईना.

माझं बोलणं संपलं आणि पाकळी पडली. देवाची उजवी.

मी वाद घातला नाही. देवाला मीच पटवलं होतं.

२२ एप्रिल, बुधवार

जोगेश्वरीला शकुमावशीकडे शिवायला टाकलं. ती मंडप, ताडपत्र्या, सगळं शिवते. शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, "मावशी, इथे पारदर्शक प्लास्टिकची एक छोटी खिडकी ठेवाल?"

"कशाला?"

"हवेला."

"दुकान पुढून सताड उघडं आहे की रे. हवा काय खिडकीतनंच येणार, मान वाकडी करून?" मशीन थांबवून तिने माझ्याकडे बघितलं. "समोर कोण राहतं?"

"कोणी नाही."

"मग कोणी नाहीसाठी खिडकी नको."

आणि त्याच जागेवर जादा पट्टी मारून दिली! म्हणे, तिथे वाऱ्याचा ताण येतो.

२४ एप्रिल, शुक्रवार

चढली. बाटल्या सावलीत. मी अंधारात.

२५ एप्रिल, शनिवार

दिवसभर वर बघत होतो. पांढरं कापड. सरळ, घट्ट, एक सुरकुती नाही. इतकं चांगलं काम का केलं मी? आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पुरं केलं, तर हे!

गल्लीतून तिचा आवाज आला. मिरचीवरच चिडली असावी. चेहरा कसा केला असेल याचा अंदाज करत बसलो आणि एका गिऱ्हाइकाला हळदीऐवजी तिखट दिलं.

तीन दुकानदार विचारून गेले, कापड कुठलं. बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "झिलान निवडल्यान." देवाने निवडलं असं नाही म्हणाले.

२६ एप्रिल, रविवार

व्हॅलेन्सिया दुकानात आली.

"काका म्हणू का तुला? तू मला काकी म्हणतोस ना." मग वर बोट — "हे कापड कुठलं रे?"

मी एका दमात सगळं सांगितलं. पीव्हीसी, पॉलिएस्टर, दुहेरी शिवण.

"आरपार दिसतं?"

"छे! उजेडसुद्धा जात नाही."

"मग आमच्या गॅलरीला याचाच पडदा लावून दे. खालून बघतात."

"कोण?" मी वजनकाट्याकडे बघत विचारलं.

"तुमच्या त्या भोकातून. वरून नुसता एक डोळा दिसायचा. मम्मी तर डोळा दिसला की छातीवर क्रॉस करायची. आता बुजलंय, पण पुन्हा फाटलं तर?"

"नाही फाटणार," मी म्हणालो. "लोंबकळून बघितलंय."

ती निघाली. पायरीवरून वळली. "माप घ्यायला वर यायला नको ना? तुला पाठच असेल."

नऊ फूट बाय साडेचार. पाठ होतं.