रॉसने सोडलेला फाटा

मी, ग्लेनिस हॉकडे, कै. मर्व्ह हॉकडे यांची पत्नी, वय शहात्तर, राहणार अ‍ॅडलेड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी कॅरिन हिला मिळावी.

२. माझं हेल्मेटही तिलाच. वसंतात मॅगपाय पक्षी डोक्यावर झेपावतात, म्हणून मर्व्हने त्यावर प्लास्टिकच्या पट्ट्यांचे काटे लावले होते. ध्यान दिसतं, तरी काढू नयेत.

३. मर्व्हची सायकल नदीकाठच्या दुरुस्ती शेडला द्यावी. तिथे जो मागेल त्याला मिळू दे, रॉस टिपेट सोडून. आमच्या गुरुवारच्या सायकल गटाचा हा म्होरक्या. अंत्यविधीनंतरच्या चहालाच, तोंडात सँडविच कोंबलेलं असताना, मला म्हणाला, "अगं ग्लेनिस, नुसती गंजून जाईल ती. मला दे की." मला किळस आली. अजून येते.

४. कारण नोंदवून ठेवते. आमच्या गटाचा नियम असा, की वाट फुटते तिथे पुढच्यांपैकी एकाने थांबायचं आणि सर्वांत मागचा येईपर्यंत हलायचं नाही. फाट्यावर कोणी नसेल, तर सरळ जायचं. दमलेल्यांना सोबत म्हणून मर्व्ह नेहमी मागे असायचा. त्या दिवशी बंधाऱ्याजवळच्या फाट्यावर गट वळणार होता आणि तिथे रॉसने थांबायचं होतं. मर्व्ह पोचला तेव्हा तिथे कोणी नव्हतं. तो नियमाप्रमाणे सरळ गेला आणि पुराचा गाळ साचलेल्या उतारावर घसरला. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातून तो घरी आलाच नाही.

रॉस मात्र सगळ्यांना सांगत सुटला, "मी हात करत होतो हो, पण मर्व्हचं आताशा लक्ष कुठे असायचं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या पोटच्या पोरीने मला विचारलं, "आई, बाबा विसरायला लागले होते का गं?"

खरं काय ते आमची फेरी जिथे संपते, त्या कॅफेवाल्या एफीकडून कळलं. ती सहज बोलून गेली, "रॉस ना? तो तर त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. गरम स्कोन लवकर संपतात ना." एका स्कोनपायी, जॅम लावून खायच्या एवढ्याशा गोड पावापायी! मी त्याला तोंडावर विचारलं, तर हसून म्हणतो, "जाऊ दे ना गं. आता बोलून मर्व्ह परत येणार आहे का?"

५. माझ्या रक्षाविसर्जनाला सगळा गट सायकलवर यावा. त्याच फाट्यावर रॉसने थांबावं. चेहरा पाडून उभं राहायला त्याला आवडतंच. कॅरिनने रक्षा घेऊन सर्वांत मागे राहावं. फाट्याच्या अलीकडच्या पुलावरून तिने गुपचूप पलीकडच्या काठाला जावं आणि मर्व्हला सोडलं तिथेच मला सोडावं. बाकीच्यांनी एफीकडे माझ्या खर्चाने स्कोन खावेत. रॉसला बोलवायला कोणीही जाऊ नये.

कॅरिन परत येऊन त्याला मोकळं करेपर्यंत तो थांबला, तर गटात कलम चार वाचू नये. तिच्या आधी तो कॅफेत शिरला, तर एफीने ते सगळ्यांसमोर, त्याला बशी देण्याआधी, मोठ्याने वाचावं.

तो थांबेल असं मला वाटत नाही.

हे मृत्युपत्र मी दोघा साक्षीदारांसमोर वाचून सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

ग्लेनिस हॉकडे

साक्षीदार:
एफी कारास, कॅफेचालक
लिंडसे ओट्स, शेजारी

अ‍ॅडलेड, ११ ऑक्टोबर २०२३