बिट्टीची इयत्ता

१४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि. आम्ही सगळे बरे आहोत, एवढं लिहून झालं. आता रागाचं लिहिते.

आपल्या बिट्टीला पहिलीच्या बाईंनी कपाटाशेजारी एकटं बसवलंय, तोंडावर बोट ठेवून. गुन्हा काय, तर प्रश्न पुरा व्हायच्या आत ती उत्तर देते. बाकीच्या मुलांना वावच मिळत नाही म्हणे! काल शाळेतून ती दुकानात आली. मी चष्म्याच्या काचा बसवत होते. सहज विचारलं, आठ आणि सात किती? गेल्या वर्षी भागाकार करणारी माझी पोरगी म्हणाली की ते अजून शिकवलेलं नाही, दुसऱ्या सहामाहीत शिकवणार आहेत. माझ्या हातातली काच निसटली.

तडक मुख्याध्यापिकांकडे गेले. त्या म्हणाल्या, एवढी पुढे असेल तर एकदम चौथीत घालू. मी हो म्हणून आले. तूही दोन इयत्ता ओलांडल्या होत्यास आणि आज पूल बांधतोस. तसं दोन ओळींत लिहून पाठव, त्यांचं मन बदलायच्या आत पुढे ठेवते.

तुझा लोभ आहेच, तो या वेळी जरा कामाला लाव.
तुझी धाकटी

२१ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. दोन ओळी मागितल्यास, अर्धीही मिळणार नाही.

बाबा पाहुण्यांपुढे उभं करून माझं कौतुक करायचे, ते तुला आठवतं. वर्गात काय चालायचं ते तू पाहिलं नाहीस. मी ज्यांच्या खांद्यालाही पोचत नव्हतो ती मुलं माझी वही उतरवून घ्यायची आणि खेळायची वेळ झाली की मला दप्तरं राखायला बसवायची. जुन्या वर्गातल्यांना मी शिष्ट वाटायचो. शाळा संपेपर्यंत मी जिन्याखाली बसून डबा खाल्ला. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, तिथे तू शिकायला जातोस. ते गेले, पण हा राग काही गेला नाही.

त्या बाईंचाही संताप आलाय. येतं म्हणून शिक्षा! पण त्यांच्यावरचा राग पोरीच्या माथी का मारतेस? तिला कुणी विचारलं का? मलाही कुणी विचारलं नव्हतं.

या पत्राचा राग येईल, तो येऊ दे. माया तेवढी आटवू नकोस.
तुझा दादा

९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. राग आलाच. लांब बसून सांगायला काय जातं? पहिलीत नको, चौथीत नको, मग पोरीला माळ्यावर ठेवू? आणि जिन्याखालचं मला आजवर एका शब्दाने बोलला नाहीस, त्याचा तर जास्तच आला. मी जन्मभर 'दादाकडे बघ' ऐकत तुझ्यावर जळत राहिले.

मग बिट्टीला विचारलं. तिला मोठी गणितं हवी होती आणि डबा मात्र वर्गातल्या तिच्या मैत्रिणीबरोबर, घारीबरोबरच खायचा होता. मी मुख्याध्यापिकांना म्हटलं, गणिताच्या तासापुरतं चौथीत बसू द्या. त्या म्हणाल्या, एकीला दिलं तर उद्या सगळे मागतील. मागू देत की, असं मी इतक्या मोठ्याने म्हणाले की शिपाई आत डोकावला. मुख्याध्यापिका ढिम्म हलल्या नाहीत. मी दाखला काढून घेतला.

आता ती नदीपलीकडच्या लहानशा शाळेत जाते. पहिली ते चौथी एकाच खोलीत, एकच मास्तर. आपल्या वयाच्या मुलींत बसून चौथीची गणितं करता येतात. पण घारी सुटली. बिट्टी आठवडाभर माझ्याशी धड बोलत नव्हती. ते मी मुकाट्याने सोसलं, हक्कच होता तिचा.

काल मात्र तिने घरी येऊन दप्तर आदळलं, पेन्सिल भिंतीवर फेकली. चौकशी केली, तर मास्तरांनी दिलेलं एक गणित तिला येत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा! दोन नळ हौद भरतात आणि तिसरा रिकामा करतो, असलं काहीतरी. लालबुंद होऊन मला विचारत होती की तिसरा नळ कुठल्या मूर्खाने उघडा ठेवला. मी मदतीला वाकले, तर मला ढकलत खोलीबाहेर काढलं. दाराआड उभी राहून तिची चिडचिड ऐकत होते. मला कुणाचाच राग येत नव्हता.

गणित अजून सुटलेलं नाही. मामाने उत्तर पाठवायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे.

लोभ भांडणासकट असू दे.
तुझी धाकटी