खपली पडेपर्यंत

लोणावळा
डिसेंबर १९७४

तीर्थस्वरूप अरुंधतीताईंस,

लोणावळ्याहून त्र्यंबकचा नमस्कार. या थंडीत आपले गुडघे आणि अनंतरावांचा खोकला कसे आहेत ते कळवावे. मी बरा आहे. (जवळच्या औंढ्याहून माझा स्वयंपाक करायला येणाऱ्या पुतळाबाईचे मत वेगळे आहे.)

प्रमोदिनी गेली, आता एकटे राहू नका, संक्रांतीनंतर कायमचे तळेगावला या, असे आपण लिहिलेत. उत्तराला उशीर झाला, कारण मी देवीची लस टोचून घेतली. टोचणारे गल्लीत आले, सगळ्यांनी बाह्या वर केल्या, मीही केली. त्यानंतर आमच्या घरी काय होते ते आपल्याला ठाऊक आहे, कारण ती रीत प्रमोदिनीने आपल्याच घरून आणलेली: खपली धरून ती पडेपर्यंत आणि देवीला दहीभात दाखवेपर्यंत घरात फोडणी नाही. (मी मुलगी बघायला आलो तेव्हा आपल्या धाकट्या भावाला नुकतेच टोचले होते. मला बिनफोडणीचे दहीपोहे मिळाले. या घरात काटकसर फार, असे समजून मी होकार दिला.)

पुतळाबाईने ती रीत चालू ठेवली. अडचण अशी की माझ्या दंडावर काही उठेचना. उठेना म्हणून खपली नाही, खपली नाही म्हणून ती पडणार नाही, आणि ती पडत नाही तोवर फोडणी नाही. शेजारच्या नंदाबाईंकडून हिंगाचा वास येई आणि मी उकडलेल्या दुधीकडे बघत बसे. लसच लागली नाही तर रीत कशाला, असे मी एकदा सुचवून पाहिले. ती म्हणाली, "बाई असत्या तर त्यांच्याम्होरं बोल्ला असता व्हय असं?" मी दुधी जेवलो.

शेवटी दवाखान्यात दंड दाखवला. तरुण डॉक्टरांनी सांगितले, रक्तात 'बी' नावाच्या पेशी असतात. त्या रोगाला मारणारे द्रव्य तयार करतात आणि तो रोग लक्षात ठेवतात. म्हातारपणी नव्या पेशी कमी तयार होतात. उरलेल्या जुन्यांना लहानपणचे आजार पाठ असतात, पण नवा आला की त्या गोंधळतात. तुमच्या दंडाने जुन्या ओळखीवर लस परतवली, की त्याला काही कळलेच नाही, हे बाहेरून सांगता येत नाही, म्हणाले. मी प्रमोदिनीबद्दल विचारले. गल्लीतली किती पोरे गोवरात तिने उशाशी बसून सांभाळली, तिला कधी काही झाले नाही. आणि मागच्या थंडीतला तो नवा ताप तिला घेऊन गेला. ते म्हणाले, होते असे.

तर ताई, माझेही रक्त त्याच वयाचे. इथे माठ तिने ठेवला तिथेच आहे, मला न बघता सापडतो. तळेगावची गाडी कान्ह्याच्या पुढे गेली की ती पिशवी घेऊन उभी राहायची. आता कधी उठायचे ते मला कोण सांगणार? नवे घर माझ्या अंगी लागणार नाही. येणे जमणार नाही, राग नसावा.

आपला,
त्र्यंबक

ता. क. पत्र टाकायला निघालो तर बाही घासून दंड दुखला. बघतो तो चांगला लाल फोड. डॉक्टर म्हणाले, उशिरा का होईना, रक्त शिकले. पुतळाबाई "म्या म्हनलं न्हवतं?" असे दारोदार सांगून आली. फोडणी आणखी लांबली.

पुन्हा ता. क. 'जमणार नाही' हे खोडले तर पत्र वाईट दिसेल, म्हणून ठेवले आहे. ते वाचू नये. मागची खोली रिकामी असल्यास माठ खिडकीच्या डाव्या हाताला ठेवता येईल का, ते बघावे. संक्रांतीपर्यंत खपली पडली नाही, तर पहिल्या दिवशी दहीपोहेच करावेत.