मधलं घर

अकोला, शनिवार संध्याकाळ

सकाळी शाळेत पालकांना मोठ्या तोंडानं सांगितलं, पोरांना पटावरचे खेळ द्या, हरणं पचवायला शिकतात. टाळ्या पडल्या.

दुपारी घरी माझी रेवा आणि अमरावतीहून आलेला भावाचा सोहम अष्टचम्मा खेळत होते. रेवा त्याची सोंगटी मारणार, तोच माझ्या तोंडून निघालं, "त्याले मारू नको, रडते तो."

आईचं वाक्य. हेच ऐकत मी भावाशी हरत आले. हरणं मी पचवलं, तो काय शिकला?

एक तरी सोंगटी मारल्याशिवाय मधल्या घरात जाता येत नाही. रेवानं कवड्या खाली ठेवल्या.

"मंग मी घरात कशी जाऊ?"

मी कुकर लावायला उठले. सोहम रडला नसता, हेही मला माहीत होतं.